चामड्याच्या कामाचा छंद ऑनलाइन विक्रीपर्यंत नेताना

प्रश्न असा आहे: काही वर्षं फावल्या वेळात चामड्याची पाकिटं, पट्टे, चष्म्याची घरं हाताने शिवून जवळच्या लोकांना दिली. सगळ्यांना आवडली, काहींनी पैसे देऊन मागवलीसुद्धा. आता ऑनलाइन विकावं असं मनात आहे. सुरुवात कोणत्या वस्तूपासून करावी, किंमत कशी काढावी, तयार बाजारपेठेत दुकान उघडावं की स्वतःची वेबसाइट करावी, आणि नोकरी कधी सोडावी?

चारही प्रश्नांची उत्तरं मी एकाच ठिकाणाहून देते. दुकान उघडायच्या आधी एक वस्तू निवडा आणि ती दहा वेळा करा. दहाही नग शेजारी शेजारी ठेवल्यावर पहिला कोणता आणि दहावा कोणता हे ओळखू आलं नाही, की तुमच्याकडे विकण्याजोगं काहीतरी आहे. छंदात दर वेळी नवीन काहीतरी करून बघण्याची मजा असते आणि ती मजा टिकवायलाच हवी. पण ऑनलाइन गिऱ्हाईक एका फोटोकडे बघून पैसे भरतं. फोटोतल्या पाकिटाची शिवण सरळ आणि हातात पडलेल्या पाकिटाची कोपऱ्यावर अर्धा टाका सरकलेली, असं चालत नाही. शिवाय दहा नग सारखे केल्याशिवाय एका नगाला किती चामडं लागतं, किती वेळ जातो, नासाडी कुठे होते हे कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय सांगितलेली किंमत हा निव्वळ अंदाज असतो.

वस्तू निवडताना मी तीन गोष्टी बघते: माप ठरलेलं आहे का, चामडं कमी लागतं का, आणि पाकिटबंद केल्यावर ती चपटी राहते का. कार्ड ठेवायचं छोटं पाकीट तिन्ही कसोट्यांवर उतरतं. बँकेचं कार्ड जगभर एकाच मापाचं असतं, आयएसओ ७८१० या मानकानुसार ८५.६० × ५३.९८ मि.मी. आणि जाडी ०.७६ मि.मी. फर्मा एकदा नीट बसला की तो कुठल्याही देशातल्या गिऱ्हाइकाला चालतो. पासपोर्टचं कव्हर (१२५ × ८८ मि.मी.) आणि ए५ वहीचं कव्हर (१४८ × २१० मि.मी.) ही याच जातीची कामं. घड्याळाचे पट्टेही चांगले. १८, २० आणि २२ मि.मी. या तीन रुंदींत बरीचशी घड्याळं बसतात, चामडं मूठभर लागतं आणि बारीक कामाला दाद देणारं गिऱ्हाईक मिळतं. फक्त तो पट्टा दिवसभर घामेजलेल्या मनगटावर असतो, त्यामुळे अस्तर आणि रंग यांची परीक्षा कडक घ्यावी लागते.

कमरेचा पट्टा दिसायला सोपा आणि विकायला अवघड. लोक पँटचा नंबर सांगतात आणि पट्टा आखूड पडतो. पट्टा घ्यायचाच असेल तर सध्या वापरात असलेल्या पट्ट्याचं माप मागा: बक्कल जिथे जोडलंय त्या घडीपासून रोज लावतात त्या भोकापर्यंत. बॅग मात्र पहिल्या वर्षी नको. चामडं, अस्तर, चेन, कड्या सगळंच वाढतं आणि एक बॅग परत आली की महिन्याची कमाई अडकते. फोनच्या कव्हरांपासूनही मी लांब राहते. नवीन मॉडेल आलं की कालचा फर्मा आणि तयार माल दोन्ही बाद होतात.

आता चामडं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढच्या बहुतेक तक्रारी इथेच जन्माला येतात.

व्हेज टॅन म्हणजे झाडांच्या साली, लाकूड अशांतल्या टॅनिनने कमावलेलं चामडं. मिमोसा, क्वेब्राचो, चेस्टनट ही त्यातली नेहमीची नावं. पारंपरिक हौदांच्या पद्धतीत या कमावणीला आठवडे, कधी महिने लागतात. हे चामडं कडक असतं, ओलं केल्यावर त्यावर ठसा उठतो, कड घासून काचेसारखी गुळगुळीत करता येते आणि वापराने त्याचा रंग गडद होत जातो. क्रोम टॅनमध्ये क्रोमियमचे क्षार वापरतात, काम तास-दिवसांत उरकतं आणि चामडं मऊ, पाण्याला जरा जास्त टिकणारं निघतं. पण त्याची कड घासून बसत नाही. तिला कडेचा रंग द्यावा लागतो किंवा कड दुमडून शिवावी लागते. जगातलं बहुतेक चामडं क्रोम टॅनच असतं, तेव्हा त्याला कमी लेखायचं कारण नाही. छोट्या वस्तूंसाठी मी व्हेज टॅन सुचवते, कारण ज्या कडा आणि ज्या शिवणीकडे बघून लोक हाताच्या कामाचे पैसे देतात, त्या या चामड्यात उठून दिसतात.

सुरुवातीला एकच चामडं घ्या, एकाच पुरवठादाराकडून, दोन रंगांत. जाडी त्याच्याकडूनच हवी तेवढी उतरवून घ्या. पाकिटाच्या बाहेरच्या भागाला १.२ ते १.५ मि.मी., आतल्या खिशांना ०.८ ते १ मि.मी. पुरे. पट्ट्याला ३.५ ते ४ मि.मी. लागते. जाडी औंसात सांगितली तर १ औंस म्हणजे सुमारे ०.४ मि.मी. असं धरा. खिसे एकावर एक येतात तिथे कड फुगते. आतल्या खिशांचा खालचा भाग इंग्रजी टी अक्षरासारखा कापला, म्हणजे तो फक्त दोन्ही बाजूंना वरच्या पट्टीत शिवला जातो आणि तळाशी चार-पाच थर साचत नाहीत. कड उतरवायला रापी धारदार हवी. बोथट रापी चामडं कापत नाही, ओढते, आणि मग दहा नगांची जाडी दहा प्रकारची होते.

चामडं चौरस फुटाने विकलं जातं, पण सगळे चौरस फूट सारखे नसतात. पाठीचा आणि पुठ्ठ्याचा भाग घट्ट, खांद्याचा थोडा सुरकुतलेला, पोटाचा सैल आणि ताणला जाणारा. पोटाच्या भागातून कापलेला खिसा काही महिन्यांत पसरतो आणि कार्डं सुळकन बाहेर येतात. पूर्ण कातडं स्वस्त पडतं असं वाटतं. ते पोटाच्या भागाचा काही उपयोग असेल तरच खरं. पाकिटंच करायची असतील तर खांदा किंवा पाठीचा तुकडा जास्त दराने घेतलेलाही परवडतो. प्रत्येक खेपेतून बोटभर पट्टी कापून तिच्या मागे तारीख आणि खेप लिहून ठेवा. पुढच्या खेपेचा तपकिरी आधीच्या तपकिरीशी जुळत नाही हे पार्सल पाठवायच्या आधी कळलेलं बरं.

वर्णनात चामड्याबद्दल जे लिहाल ते नेमकं लिहा. नुसतं ‘जेन्युइन लेदर’ लिहिण्याने दर्जाबद्दल काहीच कळत नाही. फुल ग्रेन म्हणजे वरचा थर जसाच्या तसा, घासलेला नाही. घासून, वर फिनिश चढवून एकसारखं केलेलं चामडं वेगळं आणि खालच्या थराचं स्प्लिट वेगळं. बाँडेड लेदर तर चामड्याचे तंतू चिकटवून केलेलं असतं. प्राणी कोणता, कमावणी कोणती, जाडी किती, वर मेण आहे की तेल की रंगाचा थर, एवढं लिहिलं की जाणकार गिऱ्हाईक लगेच ओळखतं की समोरच्याला काम येतं. ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘पर्यावरणपूरक’ हे शब्द दाखवण्याजोगा पुरावा असल्याशिवाय वापरू नका.

विक्रीआधी प्रत्येक नव्या खेपेची परीक्षा घ्या. पांढरं सुती फडकं आधी कोरडं आणि मग ओलं करून जोरात घासा. रंग उतरला तर तो गिऱ्हाइकाच्या फिकट कपड्यांवरही उतरणार. टिचबटण पन्नासदा उघड-बंद करून बघा. एक नग स्वतः खिशात घालून दोन-तीन महिने वापरा. साठवणीतही दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. न रंगवलेलं व्हेज टॅन उजेडाने गडद होतं, त्यामुळे फळीवर एकावर एक ठेवलेल्या पाकिटांवर सावलीच्या रेघा उमटतात. आणि चामडं ओलसर असताना लोखंड लागलं की टॅनिनशी त्याची प्रक्रिया होऊन काळे-निळे डाग पडतात. ते पुसून जात नाहीत. ओल्या कामाजवळ लोखंडी पट्टी, टाचण्या, क्लिपा ठेवू नका.

शिवणीबद्दल थोडं. दोन सुया आणि एकाच दोऱ्याने घातलेल्या सॅडल टाक्यात प्रत्येक भोकातून दोरा दोन्ही बाजूंनी जातो. एका जागी दोरा तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. मशीनच्या टाक्यात दोन वेगळे दोरे एकमेकांत अडकलेले असतात आणि एक तुटला की शिवण उसवत जाऊ शकते. हा फरक एका फोटोत आणि दोन ओळींत समजावून सांगा, तुमच्या किमतीमागचं तेच सर्वांत ठोस कारण आहे. मशीन वापरण्यात काही गैर नाही, फक्त मशीनने शिवलेल्याला हातशिलाई म्हणू नका. दोऱ्याची लांबी शिवणीच्या साधारण चौपट घ्या आणि जाड चामड्याला थोडी जास्त. खिशाच्या तोंडाशी ताण सगळ्यांत जास्त येतो, तिथे दोन-तीन टाके उलटे घालून मगच दोरा संपवा.

दहा नगांचा सराव झाला की काम टप्प्यांत लावा. एका दिवशी सगळं कापायचं, दुसऱ्या दिवशी चिकटवून भोकं पाडायची, मग शिवायचं, मग सगळ्या कडा एकदम. दर टप्प्याला हत्यारं बदलावी लागत नाहीत आणि हात एकाच हालचालीत बसतो. फर्मे कागदाचे असतील तर आता ॲक्रिलिकचे करून घ्या. विक्री सुरू होऊन डिझाइन स्थिरावलं, म्हणजे कापण्यासाठी पोलादी डाय, म्हणजे फर्म्याच्याच आकाराचं पातं, आणि छोटा दाबयंत्राचा प्रेस घ्या. कापण्याचा वेळ अगदी थोडक्यावर येतो आणि हाताच्या कामाचं मोल तसूभरही कमी होत नाही, कारण ते शिवणीत आणि कडेत असतं. पण डाय घाईने करू नका. एकदा केलेल्या डायचं माप बदलत नाही, आणि खिसा २ मि.मी.ने जास्त रुंद हवा होता हे नंतर कळलं तर ती पडून राहते. भोकं पाडायलाही तोच प्रेस वापरता येतो. त्याने मोगरीचा आवाज जातो आणि मनगटही वाचतं. मनगट जपा. सलग शिवत बसू नका, मध्ये उठा, बोटं ताणा. चिकटवायचा सोल्युशनवाला गोंद खिडकी उघडी ठेवून वापरा आणि कडा पॉलिश पेपरने घासताना मास्क लावा. हे काम वर्षानुवर्षं करायचंय.

किंमत. इथे बहुतेक नवे कारागीर स्वतःवर अन्याय करतात आणि ते मला मनापासून खटकतं. चामडं आणि दोऱ्याचा खर्च दुप्पट करून किंमत सांगण्याची रीत आहे. छोट्या हातशिलाईच्या वस्तूत साहित्य थोडं आणि वेळ भरपूर असतो, त्यामुळे त्या रीतीने तुमची मजुरीच बुडते.

हिशेब असा मांडा. चलन कुठलंही असू दे, आकडे फक्त समजण्यापुरते. एका पाकिटाचं साहित्य, नासाडी धरून, २०. वेळ ९० मिनिटं, आणि यात कापणं-शिवणं-कडा यांच्याबरोबर गिऱ्हाइकाला उत्तरं देणं, पार्सल बांधणं, ते देऊन येणं हेही आलं. तासाची मजुरी ४० धरली तर ६०. पाती, हत्यारांचा घसारा, वीज, इंटरनेट यांचा वाटा १०. खोकं, कागद, लेबल ५. झाले ९५. त्यावर धंद्याचा नफा २० टक्के, म्हणजे १९. एकूण ११४ तुमच्या हातात पडायला हवेत. मजुरी तुमची, नफा धंद्याचा. पुढची चामड्याची खेप आणि बदलून द्यावा लागलेला नग याच नफ्यातून निघतात.

आता बाजारपेठेचं कमिशन आणि पैसे घेण्याचं शुल्क मिळून १२ टक्के जातात असं समजा. पुष्कळजण ११४ मध्ये १२ टक्के मिळवतात आणि १२८ किंमत लावतात. पण कमिशन विक्रीच्या किमतीवर कापलं जातं. म्हणून ११४ ला ०.८८ ने भागायचं, म्हणजे १२९.५. इथे फरक किरकोळ दिसतो. पण बाजारपेठेने जाहिरातीतून आणलेल्या विक्रीवर आणखी १५ टक्के घेतले, तर एकूण कपात २७ टक्के होते. २७ टक्के वर चढवून १४५ ला विकलं तर हातात १०६ येतात आणि १९ चा नफा ११ वर उतरतो. ०.७३ ने भागून आलेली १५६ ही खरी किंमत. प्रत्येक विक्री जाहिरातीतून येत नाही, तेव्हा तुम्ही यांच्या मधली किंमत ठरवाल. फक्त ती ठरवताना दोन्ही टोकं माहीत असू द्या.

आलेली किंमत बाजाराला जास्त वाटली तर मजुरी कापू नका. डिझाइनमधला वेळ कापा. ३० सें.मी. शिवणीत ३ मि.मी. अंतराने १०० टाके बसतात, ४ मि.मी. अंतराने ७५. पाव शिलाई कमी झाली, आणि जाडसर दोऱ्यात ४ मि.मी.चा टाका सुरेखही दिसतो. एक खिसा कमी करा. दोन तुकडे जोडण्याऐवजी एकच तुकडा दुमडून होतो का बघा, एक आख्खी कड वाचते. अशी सुधारणा दहा नग केल्यावर आपोआप सुचते.

ओळखीच्यांना दिलेल्या जुन्या दराने दुकान उघडू नका. कमी किमतीने आलेलं गिऱ्हाईक किंमत वाढली की निघून जातं. एखादं दुकान घाऊक मागणी घेऊन आलं तर ते बहुतेक वेळा तुमच्या किरकोळ किमतीच्या निम्म्याच्या आसपास मागणार. वरच्या उदाहरणात निम्मी किंमत खर्चाच्याही खाली जाते, म्हणून तूर्तास नम्रपणे नाही म्हणा.

दुकान कुठे उघडावं? सुरुवात तयार बाजारपेठेतून करा. २००५ पासून चालत आलेलं एट्सी घ्या किंवा तुमच्या भागात चालणारं दुसरं एखादं. तिथे हस्तकामाच्या वस्तू शोधत आलेले लोक आधीच असतात. स्वतःच्या वेबसाइटवर प्रत्येक माणूस तुम्हाला आणावा लागतो. शुल्काचे नियम मात्र बारकाईने वाचा. एट्सीचं विक्रीवरचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६.५ टक्के आहे आणि ते पाठवण्याच्या खर्चावरही लागतं. यादीतली वस्तू चार महिन्यांनी पुन्हा पैसे भरून नवी करावी लागते आणि पैसे घेण्याचं शुल्क निराळं. स्वतःच्या नावाचा डोमेन मात्र पहिल्याच दिवशी घ्या, भले त्यावर एकच पान असो. दोन-तीन वर्षांनी परत येणारी गिऱ्हाइकं झाली की तिथे दुकान वाढवता येईल. बाजारपेठेतून मिळालेल्या ईमेल पत्त्यांवर परवानगीशिवाय जाहिरात पाठवू नका. नियमाने चालत नाही आणि सभ्यपणाही नाही.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. खिडकीतून एका बाजूने येणारा मऊ उजेड, दुसऱ्या बाजूला सावली हलकी करायला पांढरा पुठ्ठा, आणि सगळ्या वस्तूंना एकच पार्श्वभूमी, एवढ्यावर भागतं. समोरून एक, मागून एक, कार्डं भरून उघडलेलं एक, हातात धरलेलं एक म्हणजे आकार कळतो, आणि कड व शिवण अगदी जवळून. शेवटचा फोटो सर्वांत महत्त्वाचा. वर्षभर वापरलेल्या नगाचा फोटोही जोडा. चामडं पुढे कसं दिसेल याची उत्सुकता गिऱ्हाइकाला असते, आणि रंग बदलला म्हणून येणारी तक्रारही टळते. फोन रंग आपोआप उबदार करतो, तेव्हा फोटो आणि वस्तू शेजारी धरून रंग जुळतो का ते तपासा.

वस्तूच्या नावात लोक शोधतात ते शब्द वापरा: चामड्याचं कार्ड पाकीट, चार खिसे, हातशिलाई. काव्यमय नाव हवं तर त्याच्यापुढे जोडा. वर्णनात मापं मिलिमीटरमध्ये, किती कार्डं आरामात बसतात, नवं असताना खिसे घट्ट असतील आणि आठवडाभरात सैलावतील, हे सगळं आधीच सांगा.

खास मागणीवर करून देण्याबद्दल सावध राहा. नवीन दुकानाला पहिल्या महिन्यापासून ‘असंच, पण थोडं मोठं, आणि चेनसकट’ असे निरोप येतात. प्रत्येक होकार म्हणजे नवा फर्मा, नवा हिशेब, आणि त्या एका नगासाठी दहा नगांचा सगळा सराव बाजूला. माझा नियम आहे की रंग आणि आद्याक्षरं बदलून मिळतील, माप बदलणार नाही. आद्याक्षरांचं स्पेलिंग लेखी कबूल करून घ्या आणि असा नग परत घेतला जाणार नाही हे आधीच सांगा. प्रसिद्ध ब्रँडच्या डिझाइनची नक्कल, खेळाच्या संघांची चिन्हं, कार्टूनमधली पात्रं यांना स्पष्ट नकार द्या. विकत घेतलेल्या फर्म्यावरून केलेली वस्तू विकायची परवानगी आहे का, तेही त्याच्या अटींत वाचा. काही फर्मे फक्त घरगुती वापरासाठी असतात.

पाठवण्याच्या खर्चाने अनेकांचा नफा खाल्लाय. विमानाने जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय कुरिअरमध्ये आकारमानाचं वजनही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला बहुधा ५००० ने भागतात. ३० × २५ × १२ सें.मी.च्या खोक्याचे १.८ किलो होतात, आतली बॅग ९०० ग्रॅमची असली तरी. चपटं पाकीट या गणितातून सुटतं, म्हणून मी सुरुवातीला त्याचा आग्रह धरते. परदेशी पाठवताना कस्टमच्या कागदावर पाकिटं आणि बॅगा मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीतल्या ४२०२ या शीर्षकाखाली येतात, कपड्यांसोबत वापरायचे पट्टे ४२०३ खाली.

युरोपीय संघात विकायचं असेल तर तीन नियम लक्षात ठेवा. त्वचेला लागणाऱ्या चामड्याच्या वस्तूंत क्रोमियम ६ चं (क्रोमियमच्या अपायकारक रूपाचं) प्रमाण किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या आत हवं, हा नियम मे २०१५ पासून आहे. पुरवठादाराकडून चाचणीचा कागद मागून घ्या, चांगले पुरवठादार तो देतात. बक्कल, कड्या यांतून सुटणाऱ्या निकेलवरही मर्यादा आहे, म्हणून घन पितळ किंवा स्टेनलेस स्टील बरं. आणि १३ डिसेंबर २०२४ पासून संघाबाहेरच्या विक्रेत्याला संघातला एक जबाबदार प्रतिनिधी दाखवावा लागतो. त्याचा खर्च परवडेपर्यंत तिथली विक्री बंद ठेवणं हाही शहाणपणाचा निर्णय आहे. अजगर, मगर यांच्या कातड्यांवर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. त्या वाटेला जाऊच नका. तुमच्या देशातली नोंदणी आणि कर यांसाठी हिशेबनीसाला एकदा भेटा, आणि पहिल्या विक्रीपासून बँकेचं खातं वेगळं ठेवा.

दुरुस्तीची हमी जरूर द्या. हातशिलाई उसवली तर पुन्हा घालता येते, टिचबटण बदलता येतं, आणि यंत्रावर केलेल्या स्वस्त मालाला ते सहसा जमत नाही. हमी शिवण आणि धातूच्या भागांची, रंग आणि ओरखड्यांची नाही, असं लिहून ठेवा. प्रत्येक ऑर्डरसमोर चामड्याची खेप, दोऱ्याचा रंग आणि जाडी नोंदवा, म्हणजे दोन वर्षांनी दुरुस्तीला आलेल्या पाकिटाला तोच दोरा मिळेल.

जाहिरातीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. काम करतानाचे छोटे व्हिडिओ, विशेषतः कड घासून चमकते तो क्षण आणि टाका आवळला जातो तो, लोक आवडीने बघतात. आठवड्याला एक पुरे. रोज टाकायच्या नादात शिवायचं राहून जातं.

राहिला नोकरीचा प्रश्न. त्याचं उत्तरही वरच्याच आकड्यांत आहे. ९० मिनिटांचा एक नग, दिवसाला सहा तास काम, म्हणजे चार नग. महिन्याचे वीस दिवस धरले तर ८०. पण चामडं आणणं, फोटो, हिशेब, नवे नमुने यांत किमान पाव वेळ जातो, म्हणून ६०. साठही विकले गेले तर मजुरी ३,६०० आणि नफा १,१४०. तुमचा खरा तासाचा दर आणि खरी मिनिटं घालून हाच हिशेब करा आणि फक्त मजुरीचा आकडा पगाराशेजारी ठेवा, नफा धरू नका. तो पगाराच्या जवळपासही नसेल तर दोनच वाटा उरतात: नगामागचा वेळ कमी करणं किंवा जास्त मोलाची वस्तू शिकणं. जवळ असेल तरी भेटवस्तूंच्या हंगामातले महिने वगळून, सलग सहा महिने अनोळखी गिऱ्हाइकांकडून तेवढी विक्री होते का ते आधी बघा. त्या सहा महिन्यांत नोकरी सांभाळून जेवढे नग होतील तेवढेच दुकानात ठेवा, आणि ते संपले की ‘शिल्लक नाही’ अशी पाटी लावा.